पाष्ट्यांच्या जोडातली भोकं

एकनाथ पाष्ट्यांच्या आयटीआयच्या प्रमाणपत्रावर त्यांच्या धंद्याचं नाव 'संधाता' असं छापलेलं होतं. वेल्डरसाठी हा शब्द सरकारने कुठून शोधून काढला कोण जाणे, पण पाष्ट्यांना तो फार आवडे. पुराणातल्या एखाद्या राजाला शोभेल असं त्यांना ते नाव वाटे. विरारच्या फुलपाड्यातल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये इतरांच्या पाट्यांवर बी.कॉम., विमा एजंट वगैरे लिहिलेलं होतं, म्हणून पाष्ट्यांनीही आपल्या दारावर 'ए. रा. पाष्टे, संधाता' अशी पाटी रंगवून घेतली. त्यामुळे पहिली दोन वर्षं आजूबाजूचे लोक त्यांच्याकडे मुलींच्या पत्रिका घेऊन येत. पाष्टे त्यांना बसवून घेत, चहा पाजत आणि लोखंडाला लोखंड कसं जोडतात ते समजावून सांगत.

मूळचे ते गुहागरकडचे. मुंबईत गोदीजवळच्या एका कारखान्यात वीस वर्षं बॉयलर जोडले. तो कारखाना बंद पडला तेव्हा विरारला बिऱ्हाड केलं आणि वसई पूर्वेला, वालीवच्या रस्त्यावर, सुधाकर सावे यांच्या कारखान्यात लागले. ही १९९२ची गोष्ट. सावेशेठकडे हवा दाबून भरायच्या टाक्या बनत. गॅरेजमध्ये टायरला हवा मारायला जी आडवी निळी टाकी असते, तिच्याच या मोठ्या बहिणी. पत्रा गोल वाकवायचा, दोन टोकांना दोन झाकणं बसवायची, बाकी सगळा भरवसा जोडावर. जोड फाटला तर टाकी बॉम्बसारखी फुटते, हे पाष्टे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. पुष्कळदा नवा माणूस दुसऱ्या दिवशी येत नसे.

सावेशेठ आगाशीच्या बागायतदार घराण्यातले. केळी आणि पानवेली यांत हयात गेलेला माणूस. लोखंडाशी त्यांचं शेवटपर्यंत जमलं नाही. तयार टाकीवरून हात फिरवताना ते घड किती फण्यांचा पडलाय हे बघितल्यासारखे बघत. पण माणूस सज्जन होता. टाकी झाली की तिच्यात पाणी भरून दाब देत आणि जोडाला कुठे घाम सुटतो का ते पाहत. पाष्ट्यांच्या जोडाला सात वर्षांत घाम सुटला नाही. पाहुणे आले की शेठ त्यांना पाष्ट्यांसमोर उभं करून म्हणत, "हा आमचा एकनाथ. याच्या जोडातून पाण्याचा थेंब बाहेर आलेला नाही." पाष्टे खाली बघत हातमोजे झटकत. त्या एका वाक्यावर त्यांचे पुढचे आठ दिवस बरे जात.

१९९९ साली शेठचा मुलगा धवल मॅनेजमेंट शिकून परत आला आणि म्हणाला, आपल्याला आयएसओ पाहिजे. शेठना वाटलं एखादं मशीन असेल. म्हणाले, "घेऊन टाक. कुठे ठेवायचं ते बघू."

आयएसओ ठेवायला फार जागा लागली. एक सल्लागार यायला लागले. जमिनीवर पिवळे पट्टे आले, भिंतीवर इंग्रजीतलं धोरण आलं, आणि रजिस्टरं तर इतकी आली की ती ठेवण्यासाठी कपाट आणि कपाटाची नोंद ठेवायला आणखी एक रजिस्टर आलं. सल्लागारांचं म्हणणं असं की जे करता ते लिहा आणि जे लिहिता ते करा. यातल्या पहिल्या अर्ध्याबद्दल कारखान्यात फार उत्साह होता.

पाष्ट्यांच्या वाट्याला यातून तीन गोष्टी आल्या. ते जे रॉड वापरत, त्यांच्यावर एक पांढुरका लेप असतो. रॉड पेटला की हा लेप जळून वितळलेल्या लोखंडावर पांघरूण घालतो आणि हवा आत शिरू देत नाही. पण लेपाचा स्वभाव पापडाचा. बाहेर ठेवला की हवेतली ओल ओढून घेतो, आणि ओला रॉड पेटवला की ती ओल वाफ होऊन जोडातच अडकते. म्हणून पाष्टे रोज सकाळी रॉड भाजून घेत. त्यासाठी त्यांनी एका जुन्या पिंपात शेगडीची कॉइल बसवून भट्टी केली होती. सल्लागारांनी तिला प्रमाणपत्र आहे का विचारलं. नव्हतं. पिंप भंगारात गेलं आणि त्याच्या जागी तापमानाची तबकडी असलेला चकचकीत ओव्हन आला. तो इतका चांगला दिसत होता की त्याला धुळीत ठेवणं कोणाच्या जिवावर येईना, म्हणून तो स्टोअरमध्ये, स्टोअर सांभाळणाऱ्या रॉबर्टच्या टेबलाशेजारी ठेवला. दर तासाला तापमान बघून रजिस्टरात लिहायचं काम रॉबर्टकडे.

दुसरं, गंज. ऑडिटरला गंज दिसता कामा नये म्हणून धवलने आलेला प्रत्येक पत्रा लाल रंगाने रंगवून घ्यायला सुरुवात केली, जोडायच्या कडांसकट. रंगावर जोड मारला की रंग जळतो आणि त्याचा धूर लोखंडात शिरतो, हे पाष्ट्यांनी सांगून पाहिलं. धवल म्हणाला, "काका, प्रेझेंटेशन महत्त्वाचं आहे." तिसरं म्हणजे पाष्ट्यांना एक बिल्ला मिळाला. त्यावर 'ऑपरेटर ४' असं लिहिलं होतं. तो त्यांनी उलटा लावला.

प्रमाणपत्र आलं, पेढे वाटले गेले, आणि त्या प्रमाणपत्राच्या जोरावर एका सरकारी उपक्रमाची चाळीस टाक्यांची ऑर्डर आली. एकच नवी अट होती. जोडांचे एक्स-रे काढून द्यायचे.

ते बघायला शेठनी क्लेमेंटीन तुस्कानो नावाच्या मुलीला नोकरीला घेतलं. गास गावची, वडिलांची भाजीची वाडी, स्वतः डिप्लोमा करून फिल्म वाचायचं शिक्षण घेतलेली. वय सव्वीस. ऑफिसच्या मागच्या अडगळीच्या खोलीला काळा पडदा लावून तिथे तिला एक दिव्याची पेटी दिली होती. बाहेरच्या कंपनीची माणसं येऊन एक्स-रे काढून जात आणि क्लेमेंटीन पेटीवर एकेक फिल्म ठेवून बघे. पहिल्या दहा फिल्म बघून झाल्यावर तिने पाष्ट्यांना बोलावलं.

"काका, हा पांढरट पट्टा म्हणजे तुमचा जोड."

पाष्ट्यांनी तीस वर्षांत आपला जोड आतून पाहिला नव्हता. ते कौतुकाने पुढे वाकले. पट्ट्यावर कोणी काळे तीळ सांडावेत तसे ठिपके होते.

"कचरा पडलाय फिल्मवर," ते म्हणाले.

"कचरा नाही. भोकं आहेत. पोरॉसिटी. लोखंड पातळ असताना आत वायू शिरला आणि बाहेर पडायच्या आत लोखंड गोठलं. बुडबुडे आतच राहिले."

"माझ्या जोडातून पाणी येत नाही."

"पाणी नाही येणार, भोकं एकमेकांना लागून नाहीत. पण इतकी असली की जोड कमजोर होतो. दहापैकी सात फिल्म नापास आहेत."

"दुसऱ्या कोणाचा जोड असेल."

क्लेमेंटीनने फिल्मच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे चारचा आकडा उमटला होता. कारखान्यात टाक्या जोडणारा माणूसही एकच होता.

त्या दिवशी पाष्टे घरी आले ते गप्प. बायको विनया शाळेत शिक्षिका. तिला गप्प बसलेल्या माणसाकडून उत्तर काढायची सवय होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "इडलीला जाळी पडली तर चांगली म्हणतात."

पाष्टे हसले नाहीत. म्हणाले, "आता पडलेली भोकं दिसली. गोदीकडच्या बॉयलरांचं काय? ते कोणी आतून बघितलेच नाहीत." विनयाने इडलीचा विषय सोडला आणि ताटं घेतली.

कारखान्यात मात्र उत्तरांची वाण नव्हती. बैठक भरली. धवल म्हणाला, ट्रेनिंग कमी पडतंय. सल्लागार म्हणाले, एक रजिस्टर कमी पडतंय. सावेशेठ बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, माझ्या साडूच्या कारखान्यात मुलुंडचे एक वास्तूचे आचार्य येतात, त्यांना एकदा दाखवू.

आचार्य गुरुवारी आले. पांढरा सदरा, हातात होकायंत्र. त्यांनी शेडमध्ये एक चक्कर मारली आणि विचारलं, "इथे अग्नीचं काम कोण करतं?" सगळ्यांनी पाष्ट्यांकडे बोट दाखवलं. आचार्यांनी त्यांची जागा बघितली. ती होती उत्तरेच्या भिंतीला, दोन बाजूंनी बंद कोपऱ्यात. "म्हणजे पाण्याच्या जागी तुम्ही विस्तव पेटवता," आचार्य दुःखाने म्हणाले. "विस्तव आग्नेयेला गेला पाहिजे."

आग्नेयेला ट्रक आत यायचं मोठं शटर होतं. त्याच्या बरोबर समोर, पश्चिमेला, दुसरं शटर. पाष्ट्यांचं टेबल या दोन शटरांच्या मध्ये जाऊन बसलं, आणि ऊर्जा खेळती राहावी म्हणून दोन्ही शटरं उघडी ठेवायची असं ठरलं. सकाळी काही वाटलं नाही. दुपारी एकच्या सुमाराला पश्चिमेकडून समुद्राचा वारा सुटला आणि एका शटरमधून शिरून दुसऱ्यातून निघाला. पाष्ट्यांच्या समोरची ठिणगी दिव्याच्या ज्योतीसारखी वाकडी व्हायला लागली. रॉडच्या लेपाचा धूर लोखंडावर बसायच्या ऐवजी ट्रकच्या रस्त्याला लागला. पाष्ट्यांनी पाठ वाऱ्याकडे केली, मग टेबलाला पत्र्याचा आडोसा लावला. धवलने तो काढायला लावला, कारण तो पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर येत होता.

पुढच्या दहा फिल्मपैकी नऊ नापास झाल्या. शेठनी आचार्यांना फोन केला. आचार्य म्हणाले, "उत्तम. जुना दोष बाहेर पडायला लागला."

या दिवसांत पाष्ट्यांची झोप गेली नाही, पण भूक गेली. तीस वर्षं ज्या हाताला कोणी काही शिकवलं नव्हतं, त्या हाताला आता धवल एका पुस्तकातली चित्रं दाखवी. ते मान डोलवत. मनातून त्यांना खात्री होती की चूक आपली नाही, आणि ही खात्री सांगायला ते रोज जेवणाच्या सुट्टीत क्लेमेंटीनच्या काळ्या पडद्यामागे जाऊन बसू लागले. ती कंटाळली नाही. तिने सगळ्या फिल्म कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी मारलेल्या जोडाच्या आहेत त्याप्रमाणे मांडल्या.

"दुपारचे जोड सकाळच्यापेक्षा वाईट आहेत," ती म्हणाली. "ते वाऱ्यामुळे. पण टेबल हलवायच्या आधीही दुपारचे वाईटच होते. तेव्हा तर वारा नव्हता. मग दुपारी असं काय होतं?"

"दुपारी जेवण होतं," पाष्टे म्हणाले. दुसरं काही त्यांना सुचलं नाही.

हे ऐकताच क्लेमेंटीन उठून स्टोअरमध्ये गेली. पाष्टे मागोमाग. साडेबारा वाजले होते. तिने ओव्हनचं दार उघडलं आणि आतून वाफेबरोबर बोंबलाच्या कालवणाचा वास आला. वरच्या कप्प्यात चार डबे होते, कागदात गुंडाळलेले पाव होते, आणि खालच्या कप्प्यात, डब्यांतून निघणारी वाफ पीत, पाष्ट्यांचे रॉड. तबकडीवरचा काटा साठवर होता.

"तीनशे पाहिजे ना?" तिने विचारलं.

रॉबर्टला यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. "तीनशेवर ठेवला होता सुरुवातीला, मॅडम. पोळ्यांचे कोळसे झाले. साठ बरोबर पडतं."

टेबलावर रजिस्टर उघडं होतं. नऊ वाजता तीनशे, दहा वाजता तीनशे, अकरा वाजता तीनशे. खाली संध्याकाळी पाच वाजेपर्यंत तीनशे लिहून प्रत्येक ओळीवर सही झाली होती.

पाष्ट्यांनी खालच्या कप्प्यातला एक रॉड उचलला. हाताला दमट लागला. त्यांना एवढा आनंद झाला की रॉबर्टवर रागावायचं राहून गेलं. ते तसेच रॉड घेऊन धवलच्या केबिनमध्ये गेले. धवलने शांतपणे ऐकलं.

"पण काका, रजिस्टरमध्ये तीनशे आहे."

"रजिस्टर खोटं आहे."

"या रजिस्टरचं ऑडिटरने कौतुक केलंय. नमुना म्हणून त्याची प्रत नेलीय त्यांनी. ते खोटं म्हटलं तर प्रमाणपत्र जाईल, प्रमाणपत्र गेलं तर ऑर्डर जाईल. तेव्हा ओव्हन तीनशेवरच आहे. तुम्ही दुसरं कारण शोधा." मग त्याने विचारलं, "स्टीलचा डबा, निळ्या झाकणाचा, तो काढलात का बाहेर? माझा आहे."

क्लेमेंटीनला हे सांगताना पाष्ट्यांचा आवाज चढला होता. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आचार्य परत कधी येणार आहेत?"

गुरुवारी आचार्य शेठच्या केबिनमध्ये चहा घेत असताना क्लेमेंटीन आत गेली. पाष्टे दारात उभे राहिले. ती अतिशय अदबीने म्हणाली, "आचार्य, एक विचारायचं होतं. अग्नीच्या पेटीत कोणी मासळी ठेवली तर चालते का?"

आचार्यांनी कप खाली ठेवला. "कोणती पेटी?"

"रॉड तापवायची. त्यातूनच अग्नीचं सगळं साहित्य निघतं. तिच्यात जेवणाचे डबे असतात, आणि अग्नी मंद ठेवतात."

आचार्यांनी डोळे मिटले. सावेशेठना घाम फुटला. डोळे उघडल्यावर आचार्य म्हणाले की मला पहिल्याच दिवशी तो वास आला होता, पण माझा माझ्यावरच विश्वास बसला नाही. पेटी आजच्या आज रिकामी करा, गोमूत्र शिंपडा, आणि अग्नी पूर्ण तेजावर ठेवा.

"तीनशे चालेल?" क्लेमेंटीनने विचारलं.

"तीनशे उत्तम."

"आणि अग्नी नि वायू समोरासमोर असले तर?"

"वर्ज्य."

"पश्चिमेच्या शटरातून वायू सरळ अग्नीवर येतो."

"ते बंद करा," आचार्य म्हणाले. "मी आज तेच सांगायला आलो होतो."

संध्याकाळच्या आत शटर खाली आलं. रॉबर्टने डबे उचलून खिडकीत उन्हाला ठेवले. शेठच्या शब्दापुढे रजिस्टराचा प्रश्न उरला नाही; काटा तीनशेवर गेला, आणि रजिस्टर आयुष्यात पहिल्यांदा खरं झालं. कडांवरच्या रंगाबद्दल पाष्ट्यांनी कोणाला विचारलंच नाही. रोज सकाळी तास लवकर येऊन ते ग्राइंडरने दोन्ही कडा लोखंड चकाकेपर्यंत घासून ठेवत.

"मला हे पटलेलं नाही," ते क्लेमेंटीनला म्हणाले. "खरं कारण सांगितलं तर डबे हलले नाहीत. थापा मारल्या तर हलले."

"मी एकही थाप मारली नाही, काका. फक्त प्रश्न विचारले."

"तेच म्हणतोय मी."

पुढच्या दहा फिल्मपैकी सात पास झाल्या. कारखान्यात आनंदीआनंद झाला. क्लेमेंटीन मात्र उरलेल्या तीन फिल्म दिव्यावर ठेवून बसली. ठिपके आता विखुरलेले नव्हते. ठरावीक अंतराने, जिथे नवा रॉड सुरू झाला असेल तिथे, ओळीने पडले होते. पाष्ट्यांनी आपली कारणं सांगितली. रॉडची पेटी खराब आली असेल. पत्रा हलका असेल. मशीन जुनं झालंय.

दुसऱ्या दिवशी ती काळ्या काचेचं झाकण तोंडावर धरून त्यांच्या टेबलापाशी उभी राहिली आणि एक संपूर्ण जोड होईपर्यंत हलली नाही. शेवटचा रॉड संपल्यावर तिने रॉडचं रिकामं पाकीट त्यांच्या हातात दिलं.

"काका, यावर काय लिहिलंय?"

पाष्ट्यांनी पाकीट लांब धरलं. "सत्तर अठरा. रॉडचा नंबर."

"ते तुम्हाला पाठ आहे. त्याच्या खाली, बारीक अक्षरात?"

पाष्ट्यांनी हात आणखी लांब केला. हात संपला. "ती जाहिरात असते," ते म्हणाले.

"त्यात लिहिलंय, ठिणगी आखूड ठेवा. रॉडचं टोक लोखंडाला जवळजवळ टेकलेलं पाहिजे. तुम्ही अर्ध्या बोटाच्या अंतरावर धरता आणि मान मागे घेता. रॉड सुरू करताना तर जास्तच. मधल्या जागेतून हवा आत जाते." ती हे हळू आवाजात म्हणाली. "तुम्हाला जवळचं दिसत नाहीये, काका."

पाष्ट्यांनी पाकीट खिशात घातलं, म्हणाले, "माझ्या मुलीच्या वयाची आहेस तू," आणि पुढचा रॉड लावला. दोन दिवस ते काळ्या पडद्यामागे गेले नाहीत. डबाही टाक्यांच्या मागे बसून एकट्यानेच खाल्ला. राग ओसरला तेव्हा त्याच्या खाली जे होतं ते जास्त वाईट निघालं. रॉबर्टचे बोंबील, धवलचा रंग, आचार्यांचं शटर, सगळ्यांची कारणं त्यांनी किती चवीने मोजली होती. या यादीत आपलंही नाव आहे, आणि ते कधीपासून आहे हे सांगता येत नाही, ही गोष्ट त्यांच्या गळ्याखाली उतरेना. घरी त्यांनी वर्तमानपत्र उचललं आणि पहिल्यांदाच लक्षात आलं की आपण ते शेजाऱ्याला वाचायला दिल्यासारखं धरतो.

"विनया, हे मी असं कधीपासून धरतोय?"

"तीन वर्षं झाली," ती वह्या तपासता तपासता म्हणाली. "मी दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, छपाई बिघडलीय."

रविवारी ती त्यांना विरार स्टेशनजवळच्या चष्म्याच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदाराने वाचायला हवाय का विचारलं. पाष्टे म्हणाले, जोडायला. सोमवारी कारखान्यात त्यांनी एका टाकीच्या आडोशाला जाऊन चष्मा लावला, वरून तोंडावर काळ्या काचेचं झाकण घेतलं आणि ठिणगी पाडली. पेटलेल्या लोखंडाचं तळं त्यांना दिसलं. त्याचा काठ दिसला, काठावर रॉडचा एकेक थेंब पडताना दिसला. आपण इतके दिवस अंदाजाने जोडत होतो हे त्यांना तेव्हा कळलं. रॉड आपोआप खाली आला. झाकण वर करण्याआधी त्यांनी चष्मा काढून खिशात टाकला.

दहाच्या दहा फिल्म पास झाल्या. क्लेमेंटीनने त्यांना बोलावून फिल्म दाखवल्या. पांढरा पट्टा, कुठे एक ठिपका नाही. तिची नजर एकदा त्यांच्या खिशावर गेली आणि ती पुढची फिल्म लावायला वळली.

नापास जोड उकरून पुन्हा मारून झाल्यावर टाक्या घ्यायला सरकारी उपक्रमाचे निरीक्षक आले. गंभीर, मोजकं बोलणारे इंजिनियर. जुन्या आणि नव्या फिल्म शेजारीशेजारी ठेवून त्यांनी विचारलं, "एवढा फरक कशाने पडला?" धवलने त्यांना कागद दिला. कारणाच्या रकान्यात 'कार्यस्थळाच्या पर्यावरणीय घटकांतील विसंगती' असं टाइप केलं होतं. सावेशेठना राहवलं नाही. त्यांनी आचार्यांची सगळी हकीगत सांगितली, होकायंत्रापासून गोमूत्रापर्यंत. निरीक्षकांनी शेठचं बोलणं पूर्ण होऊ दिलं आणि पाष्ट्यांकडे वळून म्हणाले, "जोड तुम्ही मारता ना? तुम्ही सांगा."

खोलीत धवल होता, रॉबर्ट होता, दिव्याच्या पेटीपाशी क्लेमेंटीन होती. पाष्ट्यांच्या तोंडापर्यंत आलं होतं. ओव्हन, डबे, रंग, वारा, एकेक करून सगळं सांगता आलं असतं. पण हा माणूस हुशार दिसत होता. सगळं ऐकून तो विचारणार, आणि ही रॉडच्या सुरुवातीची भोकं कशाची? पाष्ट्यांचा हात खिशातल्या चष्म्यावर गेला.

"जागा बदलून दिली आचार्यांनी," ते म्हणाले. "तेव्हापासून बरं आहे."

निरीक्षकांनी खिशातून डायरी काढली. पाष्ट्यांना वाटलं, आता हा आपल्याला उघडं पाडणार. निरीक्षकांनी विचारलं, "आचार्यांचा फोन नंबर मिळेल का? आमच्या एका प्लांटमध्येही हाच त्रास आहे."

सगळे गेल्यावर क्लेमेंटीन फिल्म पाकिटात भरत होती. ती म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्ही सांगाल."

"मलाही वाटलं होतं," पाष्टे म्हणाले.

वर्षभराने तिला आखातात नोकरी लागली. तेल वाहून नेणाऱ्या पाइपांच्या फिल्म वाचायची. जायच्या आदल्या आठवड्यात पाष्टे सपत्नीक तिच्या घरी गासला जाऊन आले. तिच्या आईने त्यांना वाडीतली वांगी आणि मुळे बांधून दिले. सावे कारखान्यात पश्चिमेचं शटर बंदच राहिलं. नव्या माणसाने कारण विचारलं तर त्याला वायू आणि अग्नीबद्दल सांगण्यात येई. आणि रोज अकरा वाजता पाष्टे स्टोअरमध्ये जाऊन ओव्हनचं दार उघडून बघत.

२००६ साली ते निवृत्त झाले. घरी बसवेना म्हणून आगाशीच्या बाजाराच्या कडेला एक लहान गाळा घेऊन वेल्डिंगची किरकोळ कामं करू लागले. वाडीची फाटकं, पंपांचे स्टँड, देवळाच्या जाळ्या. श्रावणात एक माणूस टेम्पोतून फाटकाची तुटलेली झडप घेऊन आला. ती पावसात भिजून आली होती आणि तुटल्या जागी गंज धरला होता. घाईत होता, घरी सत्यनारायण, पाहुणे निघालेत, दहा मिनिटांत टाका मारून द्या म्हणाला. पाष्ट्यांनी फडक्याने पाणी टिपलं, गंजावर बोट फिरवून पाहिलं.

"आज सुकू दे. घासून ठेवतो. उद्या दहाला या."

"अहो, पलीकडचा पाच मिनिटांत करून देतो."

"देईल."

माणसाने झडप उचलून टेम्पोत घातली आणि पलीकडच्या दुकानाकडे गेला. पाष्टे गाळ्याच्या पायरीवर बसले. पलीकडून ठिणग्या उडताना दिसत होत्या, ओल्या लोखंडाचा तडतड आवाजही येत होता. त्यांनी हाक मारून समोरच्या टपरीवाल्याला एक चहा सांगितला.